दुपट्ट्याखालचा आकडा

बाबांच्या दुपट्ट्याला एक वास होता. उन्हात तापलेल्या धुळीचा, चुन्यात मळलेल्या तंबाखूचा, बैलाच्या वशिंडावरच्या घामाचा, आणि या साऱ्यांच्या तळाशी, अगदी मंद, शिंगांना चोळलेल्या गोड्या तेलाचा. लहानपणी ते बाजारातून आले की त्यांच्या खांद्यावरचा तो पांढरा दुपट्टा मी ओढून घेई आणि डोक्यावरून पांघरून बसे. आई म्हणे, "काढ वं तो, बैलाच्या वासाची होशीन." माझी त्याला काही हरकत नव्हती.

बाबा जनावरांच्या बाजारातले दलाल. आमचं गाव सोनाळ्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथून ते एकेक आठवडी बाजार करत फिरत. त्यांतला त्यांचा आवडता मोताळ्याचा. बैल विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहून दोघांचं जमवून देणं हे त्यांचं काम. भाव तोंडानं बोलला जात नसे. दोन माणसं हातात हात घेत, वरून दुपट्टा पडे, आणि मग बोटं बोलू लागत. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच, पंजा धरून सोडला आणि पुन्हा दोन बोटं दाबली की सात. भोवती घोळका जमलेला असे, पण आकडा त्या दोघांपलीकडे कुणाला कळत नसे. तोंडं तेवढ्यात भलतंच बोलत असत. "यंदा तूर बरी हाय म्हणते तुमच्याकडं," असं म्हणत एक जण आत दुसऱ्याची तीन बोटं दाबे, आणि दुसरा "कायची बरी, अळीनं खाल्ली सारी," म्हणत चौथं बोट पुढे करी. सौदा झाला की दुपट्टा झटकला जाई आणि एकच शब्द मोठ्यानं उच्चारला जाई: जमलं. साऱ्या बाजाराला त्या व्यवहारातलं तेवढंच ऐकू येई.

पाटीवरचे अंक मी नंतर शिकले, बोटांचे आधी. बाजारातून आणलेली जिलबी बाबा तशी कधी देत नसत. दुपट्टा टाकत, हात पुढे करत आणि माझ्या बोटांची वाट बघत. मला दोन हव्या असल्या आणि मी दोनच बोटं दाबली, की ते उदास होत. "माय, पयला आकडा कधी खरा सांगतेत का? खरा सांगतला तं मंग पुढं बोलाले काय राह्यलं?" मग मी पंजा दाबायची, ते एक बोट देऊ करायचे, मी चारवर यायची, असं करत करत आम्ही दोनवर पोचायचो. जिलबी तोवर गार झालेली असे. पण त्या वाटाघाटीत त्यांचा खरबरीत, ऊबदार हात बराच वेळ माझ्या हातात राही. मला वाटतं, मी जिलबीपेक्षा त्याचसाठी घासाघीस करत असेन.

सोयाबीन निघतं त्या दिवसांत आमच्याकडे डांबरी रस्त्याचा अर्धा भाग शेंगांनी झाकलेला असतो. खळी आता राहिली नाहीत. रस्ता तापतो, वरून गाड्या जातात, शेंगा आपोआप फुटतात. अशाच एका दुपारी बाबा मोटारसायकलवरून घरी परतत होते. समोरून ट्रक आला म्हणून त्यांनी गाडी कडेला घेतली आणि चाक त्या गोल, गुळगुळीत दाण्यांवर गेलं. गाडी जोरात नव्हतीच. त्यांचं डोकं रस्त्याकडेच्या मोरीच्या दगडावर आपटलं. डोक्याला होता तो फक्त दुपट्टा. ज्यांनी त्यांना उचलून आणलं ते म्हणाले, दुपट्टा घट्ट बांधलेला होता म्हणून रक्त थोडं तरी थांबलं. आईनं तो पुढे कितीदा तरी गार पाण्यात धुतला. एका टोकाला चहा सांडल्यासारखा फिकट डाग राहिलाच.

शस्त्रक्रिया झाली. माणूस वाचला, असं सगळ्यांनी सांगितलं, आणि आम्हीही ते सगळ्यांना सांगितलं. मी खामगावला एका महाविद्यालयात मराठी शिकवते, दोन खोल्यांत एकटी राहते. इथून डॉक्टर जवळ पडतील म्हणून दोघांना माझ्याकडे आणलं. लेकीच्या घरी राहायचं म्हणून आईचा जीव आधी अवघडला, मग तिनंच स्वतःची समजूत घातली. "बरं झालं हिनं लग्न नाई केलं ते. नाई तं आज जावयाच्या दारात पडलो असतो." शेजारणी हसल्या. आईही हसली, आणि पदरानं डोळे पुसत भाकरीचं पीठ मळायला बसली.

घरी आणल्यावर चार दिवसांनी मी तो धुतलेला दुपट्टा बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो सवयीनं नाकाशी नेला, बराच वेळ धरून ठेवला, आणि परत माझ्याकडे दिला.

"हा कोणाचा हाय?"

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की अशा मारानं कधीकधी वास जातो, आणि बहुधा परत येत नाही. ज्या माणसाला जनावराच्या श्वासावरून त्याच्या पोटात काय बिघडलंय हे कळत होतं, त्याला आता फोडणी करपलेलीही कळत नव्हती.

वासाच्या जागी दुखणं आलं होतं. कपाळाच्या आतून, डाव्या डोळ्याच्या मागून कुणी दोरी ओढतंय असं ते सांगत. आणि दुखण्यासोबत राग. बाबा कधी रागावलेले आम्हाला माहीत नव्हते. त्यांच्या धंद्यात रागावणारा माणूस टिकत नाही. आता पातेल्याचं झाकण पडलं तरी ते थरथरत उठायचे. एकदा ताट भिरकावलं, वरण भिंतीवरून ओघळत राहिलं. एकदा आईवर हात उगारला, आणि तो हात हवेत असतानाच त्याच्याकडे असे बघू लागले, जणू तो दुसऱ्या कुणाचा त्यांच्या खांद्याला चिकटला आहे. त्या दिवसापासून त्यांच्या गोळ्यांत मनाच्या गोळ्यांची भर पडली. झटके येऊ नयेत म्हणून एक आधीच होती, दुखण्याची एक होती, आता राग निवावा म्हणून एक आणि झोप लागावी म्हणून एक. पाकिटाचा चंदेरी कागद फुटताना होणारा तो बारीक 'चट्' आवाज आमच्या घराचा आवाज झाला. कढीपत्ता तेलात पडावा तसा, पण वासाशिवाय.

भेटायला येणारे रिकाम्या हातानं येत नसत. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जाताना काहीतरी न्यायची रीत आहे. पूर्वी मोसंबी न्यायचे, आता लोक आपापल्या घरच्या उरलेल्या गोळ्या आणू लागले होते. गावाकडची एक काकू अर्धं पाकीट पदराच्या गाठीतून सोडवत म्हणाली, "माह्या गुडघ्याले याच्यानं एका दिसात फरक पडला, बाई. देऊन पाह्य."

"गुडघ्याची गोळी डोक्याले?" आईनं विचारलं.

"पोटातच जाते न शेवटी. तिले ठाऊक रायते कुठं जाचं ते."

दुसऱ्या एकानं त्याच्या आईच्या बीपीची गोळी आणली, ती बिचारी वारली होती आणि औषध वाया जाऊ नये म्हणून. कुणी दर्ग्याला न्या म्हणालं, कुणी देवरुषी सुचवला. आणि खालच्या आवाजात प्रत्येक जण एक प्रश्न विचारून गेला: "त्या मेंटलच्या गोळ्या तं नाई न देऊन राह्यले? त्यानं माणूस खुळा होते म्हणतेत." आई सगळी पाकिटं डब्यात टाकून डबा माळ्यावर ठेवी आणि प्रत्येकाला सांगे, "देतो न, उद्यापासून सुरू करतो."

महिन्यातून एकदा आम्ही डॉक्टरांकडे जात असू. तरुण, शांत, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणारा माणूस. त्यांनी पहिल्या भेटीत विचारलं, "बाबा, दुखणं शून्य ते दहामध्ये किती आहे, सांगाल? शून्य म्हणजे काहीच नाही. दहा म्हणजे सोसवतच नाही."

बाबांनी मान वर केली. आजारपणात पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. क्षणभर डॉक्टरांचा चेहरा न्याहाळून ते म्हणाले, "नऊ."

आणि थांबले. डॉक्टरांकडे बघत, ओठ किंचित आवळून, थांबले.

डॉक्टरांनी मान डोलावली, नऊ लिहिलं आणि दुखण्याची गोळी वाढवली. बाबांच्या चेहऱ्यावर निराशा पसरली. मला वाटलं, नऊ म्हणजे किती भयंकर असेल, म्हणूनच हा चेहरा. पुढच्या भेटीत तोच प्रश्न. या वेळी बाबा म्हणाले, "दहा." पुन्हा तीच वाट बघणारी नजर, पुन्हा लिहिलेला आकडा, पुन्हा वाढलेली गोळी. त्याच्या पुढच्या भेटीतही दहा.

त्या हिवाळ्यात बाबा हळूहळू विझत गेले. खामगावात तेव्हा जिनिंगचा हंगाम असतो. कापसाचे तंतू हवेत तरंगत येतात, दाराच्या कड्यांवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात. तेलघाण्यांकडून सरकीचा जडसर वास येतो. बाबा अंगणात खुर्चीवर बसून असत, आणि त्यांच्या भुवयांवर कापूस येऊन टेके, तरी त्यांना झटकावासा वाटत नसे. ताट भिरकावणं थांबलं होतं. ओरडणंही. घास तोंडात घालून ते चावायचं विसरत. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळे. हाक मारली की ती त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागे, दगड खोल विहिरीत टाकल्यावर लागतो तसा. आणि पुष्कळदा पाण्याचा आवाज यायचाच नाही.

लोक म्हणाले, "चला, शांत झाले." एकदा तुरीच्या शेंगा सोलता सोलता आई म्हणाली, "वरडत होते तवा घरात तरी होते."

मग तिला जरा धीर द्यावा म्हणून मी डॉक्टरांच्या भेटींबद्दल बोलू लागले; ती कधी आत येत नसे, दवाखान्याच्या वासानं तिला मळमळे, म्हणून बाहेरच्या बाकावर बसून राही. मी म्हणाले, दुखणंच तेवढं आहे, काय करणार. डॉक्टर विचारतात तेव्हा बाबा स्वतःच दहा म्हणतात.

आईचे हात थांबले. "कोण म्हणते दहा?"

"बाबा. पहिल्यांदा नऊ म्हणाले होते."

"अन् डॉक्टर काय म्हणते?"

"काही नाही. लिहून घेतात."

आई माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसू लागली. कितीतरी महिन्यांत मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं. मांडीवरच्या शेंगा जमिनीवर सांडल्या. "अवो माय माय! दहा! अन् तुमी दोघाईनं मानलं? येवढी शिकेल पोट्टी तू, अन् येवढा शिकेल डॉक्टर! तुह्या बापानं जिंदगीत पयला आकडा खरा सांगतला का कधी? तो भाव करून राह्यला होता, बाई. समोरचा खाली येईन म्हणून वाट पाहून राह्यला होता!" हसता हसता तिचा आवाज फाटला. "अन् समोरचा मुका. मंग तुहा बाप वर चढला." पदर तोंडात धरून ती रडू लागली. मी शेंगा वेचत राहिले, कारण तिच्याकडे बघणं मला जमत नव्हतं.

त्याच दुपारी मी कपाटातून दुपट्टा काढला. अंगणात बाबांच्या खुर्चीसमोर स्टूल ठेवून बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि वरून दुपट्टा टाकला. हात थंड होता, थरथरत होता, त्यावरची कातडी मऊ पडली होती. मी म्हणाले, "बाबा, डोकं कितीक दुखून राह्यलं?" आणि थांबले.

रस्त्यावरून कापसाची गाडी गेली. मग दुपट्ट्याखाली त्यांचा पंजा माझ्या पंजावर आवळला, सुटला, आणि चार बोटं दाबली गेली. नऊ.

मी दोन बोटं दाबली.

त्यांनी डोळे उघडले. विहिरीच्या तळातून कुणी वर बघावं तसं माझ्याकडे बघितलं. माझी दोन बोटं त्यांनी तुच्छतेनं बाजूला सारली आणि आठ दाबले. मी म्हणाले, "यंदा तूर बरी हाय म्हणतेत," आणि चार दिले. जड जिभेनं, शब्द ओढत ते म्हणाले, "कायची... बरी," आणि आत सात. असं करत आम्ही सहावर आलो, आणि सहावर त्यांची बोटं थांबली. मी पाच करून पाहिलं. ती हलली नाहीत. सहा खरा होता. सहाही कमी नव्हता. पण दहा नव्हता.

डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघत राहिले, मग म्हणाले की गोळ्या कमी करता येतील, पण अगदी सावकाश, आणि घरच्या घरी एकही कमीजास्त करायची नाही. एकदम थांबवल्या तर उलटतील. "आकडा तुम्हीच विचारत जा," ते म्हणाले, "तुमच्या पद्धतीनं. सातपर्यंत असला तर ठरलंय तेच चालू ठेवू. आठ झाला तर मला कळवा, पुन्हा वाढवावं लागेल." बाबा शेजारीच बसून हे ऐकत होते.

त्यानंतर रोज संध्याकाळी दुपट्टा पडू लागला. थंडी ओसरली, झाडांची पानं गळाली, गोळ्या एकेक पायरीनं उतरत गेल्या, आणि बाबा एकेक पायरीनं वर येत गेले. आधी भुवईवरचा कापूस झटकणारा हात आला. मग जेवताना "मीठ कमी हाय" आलं, आणि आईनं ते असं ऐकलं जणू कुणी तिला हार घातला. पण जे परत येत होतं त्यात फक्त बाबा नव्हते. रागही येत होता, लहानशा थैलीतून नाणी पडावीत तसा, सुट्टा सुट्टा. आणि जागेपण येत होतं. थोडकी झोप संपली की ते आढ्याकडे बघत पडून राहत, आणि मला दिसे की ते काहीतरी मोजताहेत: काय काय गेलं ते. नावं विसरत. रस्ता ओलांडताना माझी बाही धरत. एकदा शेजारच्या गोठ्यापाशी उभे राहून गाईच्या तोंडाजवळ तोंड नेऊन त्यांनी श्वास ओढला, पुन्हा ओढला, आणि गुपचूप परत आले.

वैशाखात, पेरणीआधीचे बैल घेण्याविकण्याचे बाजार भरू लागले, तेव्हा त्यांनी मोताळ्याला जायचं काढलं. आई नको म्हणत होती. पण त्यांनी दाढी केली, पांढरे कपडे घातले, दुपट्टा खांद्यावर टाकला, आणि मी त्यांच्यासोबत बसमध्ये बसले. मैदानावर ऊन पांढरं झालं होतं. शेण, चारा, घाम, कांदाभजी. मी डोळे मिटले असते तरी मला माझं सगळं बालपण तिथं सापडलं असतं. बाबांना फक्त दिसत होतं. तरीही त्यांचा कणा ताठ झाला.

जुने सोबती धावत आले. "या हो या! आता बाजार भरला!" कुणी चहा आणला, कुणी खांद्यावर हात टाकला. गोऱ्ह्यांच्या एका जोडीचं बोलणं चाललं होतं. घेणाऱ्याकडून बोलणारा, बाबांसोबत आयुष्यभर सौदे केलेला एक म्हातारा दलाल म्हणाला, "तुमीच करून द्या हा सौदा. तुमच्या हातचा लय दिसांत झाला नाई." बाबांनी बैलांचे दात पाहिले, पाठीवर थाप मारली, दुपट्टा टाकला आणि त्या म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. मी चेहऱ्याकडे बघत होते. सुरुवात झाली, आणि मध्येच कुठेतरी त्यांच्या कपाळावर आठी उमटली, डोळे भिरभिरले. आकडा हरवला होता. ते मुठीत हात तसाच धरून उभे राहिले.

"जमलं, जमलं!" म्हातारा मोठ्यानं म्हणाला आणि दुपट्टा झटकला. "तुमी सांगान तोच भाव. तुमच्यापुढं काय घासाघीस करा." घोळका खुशीनं ओरडला. पुन्हा चहा आला. म्हाताऱ्यानं पाठ वळवून डोळे पुसले, ते मी पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. नांदुऱ्याच्या पुढे आल्यावर म्हणाले, "माह्यासंग भाव नाई केला त्यानं."

मी म्हणाले, "मान दिला, बाबा. इतक्या वर्सांचा संबंध."

"मेलेल्या माणसासंग कोणी भाव करते का, माय?"

घरी आल्यावर त्यांनी पांढरे कपडे उतरवले, पाणी प्यायले नाहीत. अंगणातल्या खुर्चीवर बसले. सूर्य उतरला होता, पण फरशी अजून तापलेली होती. आई तिच्यावर पाणी शिंपडत होती आणि ओल्या सिमेंटचा वास उठत होता. गोळीची वेळ झाली होती. मी आतून पाकीट आणलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट केलं, आणि म्हणाले, "वाढव."

"काय?"

"गोळी. पयले होती तेवढी कर. डॉक्टरले सांग." मग माझ्याकडे न बघता, "त्या टायमाले बरं होतं. काई कळत नव्हतं."

शिंपडणारी आई थांबली. तिच्या हातातला तांब्या हलला आणि पाणी तिच्याच पायांवर सांडलं.

स्टूल ओढून मी बाबांसमोर बसले. त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा काढून आमच्या हातांवर टाकला. आता त्याला साबणाचा वास येत होता, वर आजच्या बाजाराची थोडी धूळ. त्यांनी ताबडतोब पंजा दाबला, सोडला, पुन्हा पंजा दाबला. दहा.

आकडा आठवर ठरतो, म्हणजे गोळी वाढते, की सातवर, एवढाच आता प्रश्न होता, आणि तो त्यांनाही ठाऊक होता. त्यांचा हात थरथरत नव्हता. दुखणं खरोखर वाढलं असेल का, हे मला कळायला मार्ग नव्हता. दहावर मान डोलावणं सोपं होतं. दुपारी त्या म्हाताऱ्यानं तेच केलं होतं, दयेनं.

मी त्यांची तीन बोटं धरली.

त्यांनी हात हिसकावून घेतला. "थट्टा समजून राह्यली का?" आता ताट असतं तर भिंतीवर गेलं असतं. मी हात तसाच पुढे ठेवला, दुपट्ट्याखाली, उघडा. आई भिंतीला टेकून उभी होती. शेजारच्या घरात कुणीतरी कांदा परतत होतं. काही वेळानं दुपट्ट्याची कड हलली आणि त्यांचा हात परत आला.

दहा. मी चार. नऊ, इतक्या जोरानं की माझी हाडं दुखली. मी म्हणाले, "यंदा पाऊस लवकर येईन म्हणतेत," आणि पाच दिले. त्यांची बोटं आठवर आली.

आठवर ती थांबली. आम्ही दोघंही थांबलो. मी सहा दिले. सहा त्यांचा नेहमीचा होता. त्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा आठ. मी पुन्हा सहा दिले आणि त्यांच्याकडे बघत राहिले, ओठ आवळून, ते बघायचे तशी. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि त्या पाण्याच्या मागे, फार दूर, काहीतरी ओळखीचं चमकलं. सांजेचा वारा सुटला. दुपट्टा फुगला, पुन्हा बसला.

मग त्यांनी माझा पंजा धरला, सोडला. एक बोट दाबलं. बराच वेळ गेला. दुसरं दाबलं. आणि तिसऱ्याला हात लावला नाही.

सहाच्या वरचं ते जास्तीचं एक बोट डोक्याचं नव्हतं, हे मला समजत होतं. त्यावर गोळी नव्हती, आणि ते त्यांना रोज उघड्या डोळ्यांनी सोसावं लागणार होतं. सातचा तो आकडा मी परत दाबून पक्का केला. बाबांनी दुपट्टा हातांवरून काढला, जोरात झटकला, खांद्यावर टाकला, आणि साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले,

"जमलं."